जोडे म्हणजे जवळ

आबा, तुमची वही घेऊन मी परवा पहूरला जाऊन आले. रागवायचं असेल तर आत्ताच रागवून घ्या. तुमचं तेरावं होऊन आठवडाही झाला नाही आणि या रावेरवालीनं तुमचा शब्द मोडला. माईंनी, तुमच्या कारभारणीनं, वही हातात देताना स्वच्छ सांगितलं होतं, "तेस्नी सांगेल शे, कोनले दखाडू नको." मी मान हलवली. हलवताना मला पक्कं ठाऊक होतं, की मी ऐकणार नाहीये.

तुम्ही गेल्यापासून धुळ्यातले लोक मला तुमच्याविषयी सांगत सुटलेत, जणू मी तुम्हाला ओळखतच नव्हते. मंडपवाल्यांचे लाउडस्पीकर लावता लावता तुम्ही रेकॉर्डिंगला कसे लागलात, गावोगावच्या गोंधळ्यांना आणि भजनी मंडळांना कॅसेटवर कसं आणलंत, हे सगळं चौकातल्या फळ्यावर लिहून झालंय. माझ्या मनात आहे ते फळ्यावर मावायचं नाही. त्यातलं काही तर माईंसमोर बोलताही येत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

आपली ओळख माझ्या आगाऊपणामुळे झाली. मी लग्न होऊन नुकतीच धुळ्याला आले होते. माहेरी रावेरला वडील पेट्या दुरुस्त करायचे आणि त्यांच्याशेजारी बसून सूर घासता घासता माझा कान तयार झाला होता. गादीवाल्याच्या दुकानामागच्या तुमच्या खोलीत एका भजनी मंडळाची हार्मोनियम ऐन वेळी बिघडली, म्हणून यांनी मला तिथं आणलं. पेटी नीट करून मी निघणार, तेवढ्यात तुम्ही आदल्या दिवशीची टेप लावलीत आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पेटी खोक्यात कोंडल्यासारखी वाटतेय." तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "कोन शे हाई बाई?" दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला, की त्या बाईला पाठवा, माइक कोठे ठेवायचा ते तिलाच विचारतो.

मंडळाच्या बुवांना बाईमाणसानं मशीनवर बसणं पटलं नव्हतं. ते कुरकुरले तेव्हा तुम्ही म्हणालात, "कान बाईना शे का मानूसना शे, हाई टेपले समजत नही." एवढ्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं त्या खोलीत काम केलं, आबा. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तुम्ही "चाल, वायर गुंडाळ" म्हणून विषय बदलला असता, तरी मानायला हवे होते.

आणि मग ते जोड्यांचं प्रकरण. पहिल्याच महिन्यात तुम्ही काही कामानं शिरपूरला गेलात आणि संबळवाला ठरल्या वेळेच्या आधी येऊन बसला. तुम्ही जाताना चिठ्ठी ठेवली होती: "संबळ. माइक जोडे. घाई नको." आता तुम्ही धुळ्याकडचे, मी रावेरची. दोघंही खानदेशातलेच, पण तुमच्या अहिराणीत जोडे म्हणजे जवळ, हे मला कोणी सांगितलं होतं? आमच्याकडे जोडे पायात घालतात. मी चिठ्ठी तीनदा वाचली आणि मनात म्हटलं, असेल बाई काहीतरी युक्ती. दारात तुमचे टायरच्या तळाचे जुने जोडे पडले होते. ते स्टँडच्या दोन पायांखाली सरकवले. स्टँडला पाय तीन. मग संबळवाल्याला म्हटलं, काका, तुमचा एक द्या. त्यानं बिचाऱ्यानं काही न विचारता काढून दिला आणि एक पाय अनवाणी असा तासभर उभ्यानं वाजवत राहिला.

तुम्ही परत आलात, टेप ऐकलीत आणि पुन्हा ऐकलीत. संबळ वाजवणारा ठेक्याबरोबर पाय आपटतो. तो धपका जमिनीतून स्टँडमध्ये, स्टँडमधून माइकात चढायचा आणि टेप नासवायचा. तीन वर्षं तुम्ही त्याच्यापुढं हात टेकले होते. त्या टेपवर धपका नव्हता. "काय करं तू?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "तुम्हीच लिहिलं होतं ना, जोडे." तुम्ही वाकून पाहिलंत, स्टँडखाली तुमचेच जोडे. मग तुम्ही जे हसायला लागलात, की पुढच्या दुकानातून गादीवाला कापसानं माखलेला धावत आला. "जोडे म्हंजे जवळ, व माय! पायना जोडा नहीत!" वर मलाच चिडवायला मोकळे, की तुमना रावेरमा ळ म्हनता येत नही, केळीले केयी म्हनतस आनि संबळले संबय, तुमले काय समजनार!

त्यावरून आपला वाद पडला तो मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, स्टँडखालच्या जोड्यांनी धडधड अडवली. मी म्हणायचे, संबळवाल्याचा एक पाय अनवाणी होता म्हणून धपका मऊ पडला. आपण दोन्ही तऱ्हेनं करून पाहिलं, दरवेळी ज्यानं केलं त्याचंच बरोबर निघायचं. शेवटी दोन्ही करायला लागलो. स्टँडखाली जोडे आणि वाजवणारा अनवाणी. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं.

अशा कितीतरी गोष्टी आपण केल्या. सातपुड्यातल्या पाड्यावरचा तो बासरीवाला आठवतो? बंद खोलीत त्याचा जीव घाबरायचा, दोन फुंकरा मारून बाहेर पळायचा. तुम्ही त्याला यावलकडे एका केळीच्या बागेत नेलंत. चारी बाजूंनी ओली, जाड खोडं. तिथं आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, हे तुम्ही कधीतरी लग्नातले स्पीकर बांधताना हेरून ठेवलं होतं. अडचण एकच होती, विहिरींवरच्या मोटारींची घरघर. तर तुम्ही बांधावर उपरणं टाकून वीज जाण्याची वाट बघत बसलात. सगळा मुलूख वीज गेली की शिव्या देतो, आणि तुम्ही भर दुपारी हात जोडून बसलेले. वीज गेली. मोटारी एकदम गप्प झाल्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मशीन सुरू केलं आणि त्यानं वाजवलं. बागेचा मालक वीजवाल्यांच्या नावानं ओरडत आला, तेव्हा तुम्ही तोंडावर बोट ठेवून त्यालाच खाली बसवलंत. तो शेवटपर्यंत हलला नाही.

यातलं काहीही तुम्हाला फुकट मिळालं नव्हतं. कोणाच्या शाळेत गेला नव्हतात की कोणी हाताला धरून शिकवलं नव्हतं. एका ढोलकीसाठी तुम्ही सबंध उन्हाळा घालवलात. पंखा बंद, कारण पंखा टेपवर येतो. अंगाचं पाणी पाणी. माइक वीतभर सरकवायचा, वाजवून घ्यायचं, ऐकायचं, वहीत लिहायचं. जमलं तर समोर "ठीक". फसलं तर फुली. वहीत फुल्याच जास्त. म्हणून कोणी भेटायला आलं की तुम्ही आधी माइक जागेवरून हलवायचात, फरशीवरच्या खडूच्या खुणा पायानं पुसायचात आणि मग दार उघडून "या, बसा" म्हणायचात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत.

कारण नंतर माईंनी सांगितलं. माझ्या येण्याआधी एक बाहेरगावचा कंपनीवाला मोटार घेऊन आला होता. दोन दिवस तुमच्याकडे जेवला, आबा आबा करत सगळं विचारून घेतलं. तुम्ही भोळेपणानं वही उघडून दाखवलीत. पुढच्या लग्नसराईत तुमचेच गोंधळी, तुमचेच भजनी त्याच्याकडे जाऊन गायले आणि कॅसेटवर कुठं तुमचं नावही नव्हतं. तुमचा राग मला कळत होता. तुमच्या जागी मी असते तर मीही खुणा पुसल्या असत्या, कदाचित दाराला कुलूपही घातलं असतं. पण तो माणूस एक होता आणि शिक्षा तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला देत होता.

आता सुपडूभाऊंकडे येते. तुम्हाला हा विषय नको असायचा, ठाऊक आहे.

पहूरला घड्याळदुरुस्तीचं दुकान, हौसेनं गावातली भजनं टेप करणारा माणूस. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तो आपल्या खोलीत आला. पिशवीत स्वतःचा माइक, रुमालात गुंडाळलेला. म्हणाला, "आबा, माह्या बापाचा संबय टेप करून ठेवाचा आहे. म्हातारा आता किती दिवस वाजवीन, काय सांगता येते? पन टेपवर निसता फाटका आवाज येते. माइक कोठी ठेवू?"

मी मागं वायर गुंडाळत होते. मला वाटलं, आता तुम्ही सांगणार, वाजवणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागून, दोन हातांवर, स्टँडखाली जोडे. तुम्ही म्हणालात, "मोठ्या तोंडासमोर ठेव. वीतभर लांब. आनि आवाजनी चावी पुरी फिराव." याच्याइतकं उलटं काही असूच शकत नाही, आबा. तसं केलं तर संबळच्या जागी टेपवर पत्रा फाटतो. त्यानं ते घड्याळाच्या पावतीमागं लिहून घेतलं. तुमच्या पाया पडला. मी वायर गुंडाळत राहिले.

दिवाळी होऊन गेल्यावर तो पुन्हा आला. टेप लावली. ती टेप मी या जन्मात विसरणार नाही. मधूनमधून म्हाताऱ्याचा हात किती तयार होता ते कळत होतं आणि लगेच सगळं फाटून जात होतं. वडील जाऊन पंधरा दिवस झाले होते. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. त्यानं तुम्हाला एकच प्रश्न विचारला, "मी कोठी चुकलो, आबा?" आणि तुम्ही फरशीकडे बघत म्हणालात, "तुना माइक खराब शे."

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, "माइक चांगला होता. तुम्ही खोटं सांगितलंत, दोनदा." तुम्ही म्हणालात, "तुले काय करनं शे? बठ्ठं सांगी दिधं ते मंग मन्हाजोडे काय राही?" मी म्हटलं, "आणि त्याच्याजवळ काय राहिलं, ते ऐकलंत ना आत्ता?" तुम्ही उठून बाहेर गेलात. मला वाटलं, जिंकले. पण घरी भाकरी थापताना माझा हात थांबला. तुम्ही खोटं बोललात तेव्हा मी कुठं होते? चार हातांवर. एका वाक्यानं सगळं सावरता आलं असतं. "आबा, थट्टा पुरे" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला तुमच्या नजरेतून उतरायची भीती वाटली आणि एका माणसाच्या बापाचा संबळ गेला. तुमच्यावर ओरडताना मी हे सोयीनं विसरले होते.

त्यानंतर आपण कामापुरतं बोलत राहिलो. मला वाटायचं, दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी हा विषय पुन्हा काढू, तुमचा राग निवला की. शेवटच्या दिवशी तुम्ही दारातून म्हणालात, "वायर नीट गुंडाळ." मी म्हटलं, "गुंडाळलीये." अकरा वर्षांचं बोलणं इथं संपेल असं वाटलं असतं तर मी आणखी काहीतरी बोलले असते. काय, ते अजूनही सुचत नाही. फार आठवण येते तुमची, आबा. खोलीत पंखा बंद केला की तुम्ही आता खाकरणार असं वाटतं.

वही मी दहाव्याच्या संध्याकाळी उघडली. तुमचं ते आडवंतिडवं अक्षर, पेटी, ढोलकी, सनई, किंगरी, पानंच्या पानं. सगळ्यात शेवटी एक ओळ होती: "पहूर. संबळ. उलटं सांगं." आणि तिच्यापुढं फुली.

मी ती फुली किती वेळ पाहत बसले. फसलेल्या प्रयोगापुढं तुम्ही फुली मारायचात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मग मला का नाही सांगितलंत? सुपडूभाऊंना एक कार्ड का नाही टाकलंत? आणि चूक कळली होती तर माईंना "कोणाला दाखवू नको" असं कशाला सांगून ठेवलंत? असंही असेल, की फुलीचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावतेय. तुम्ही नुसता हिशेब ठेवल्यासारखी ती मारली असेल. विचारायला तुम्ही नाही. पण एक सांगते, फुली नसती तरी मी गेलेच असते.

कारण मला तुम्ही सगळं दिलंत. मी मागितलं नव्हतं, तुम्ही स्वतःहून दिलंत, खांद्यामागून बोट दाखवून, डोक्यात टपली मारून. मला दिल्यावर तुमचं काय कमी झालं? उलट माझ्या चुकीच्या वाचनातून तुम्हाला एक गोष्ट मिळाली, जी एकट्यानं बसून तीन वर्षांत मिळाली नव्हती. आपल्या मुलखात वाजवणारे हात भराभरा म्हातारे होतायत. त्यांची पोरं बँडमध्ये गेली, कॅसिओ वाजवायला लागली. माझ्याकडे खोली एक आणि माइक दोन. मी कुठं कुठं पुरणार? आता तालुक्या-तालुक्याला टेप करणारे झालेत. त्यांना येत नाही म्हणून त्यांना नावं ठेवायची आणि येतं ते मुठीत धरून बसायचं, हे मला जमणार नाही. कोणी कंपनीवाला येऊन माझंही घेऊन जाईल. जाऊ दे. त्याच्या भीतीनं मी बाकीच्यांना उलटं सांगणार नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खडूच्या खुणांवर हिरवा ऑइलपेंट मारला. पेटी इथं, ढोलकी इथं, गाणारा इथं. आता पायानं पुसल्या जाणार नाहीत. गादीवाला बघून गेला. माईंना सांगितलं, येत्या रविवारपासून दुपारी खोली उघडी राहील, ज्याला शिकायचंय त्यानं यावं. त्या म्हणाल्या, "चहानं भांडं मोठं लागी मंग." तुमच्यावर रागावून म्हणाल्या की माझ्यावर, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी भांडं आणून ठेवलं.

आणि परवा जळगावला बस बदलून पहूरला गेले. सुपडूभाऊ डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर शब्द फिरवले असते. म्हटलं, "आबांनी तुम्हाला जाणूनबुजून उलटं सांगितलं होतं. मी तिथं होते, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुमचा माइक खराब नव्हता."

त्यांनी भिंग काढलं. "माइक चांगला होता?"

"हो."

"मी तो इकून टाकला," ते म्हणाले. मग हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. "माह्या बापानं त्या दिवशी दोन घंटे वाजोलं हो ताई. दम लागे, तरी थांबे नाही. म्हने, नीट घे रे सुपडू."

मी म्हटलं, माफी मागायला आलेय, आबांच्या वतीनं आणि माझ्याही.

"आबाले मी माफ नाही करनार."

"नका करू," मी म्हटलं. मी तुमची बाजू मांडली नाही, आबा. कंपनीवाल्याची गोष्टही सांगितली नाही. त्या माणसाला ती ऐकवणं मला बरं वाटलं नाही.

ते उठले, दुकानाचं एक फळकूट लावलं आणि परत येऊन बसले. म्हणाले, शेजारच्या खेड्यात त्यांच्या वडिलांचा जोडीदार आहे. तीस वर्षं दोघांनी बरोबर संबळ वाजवला. डोळे गेलेत, पण हात अजून चालतात. थंडी पडली की बोटं आखडतात, या थंडीनंतर ती उघडतील की नाही कोण जाणे. माइक उसना मिळेल. मशीन आहे.

मी पिशवीतून वही काढली, पण पुन्हा एकदा माफीचंच काहीतरी बोलायला लागले. त्यांनी हातानं मला थांबवलं. पावतीपुस्तक पालथं केलं, कानावरची पेन्सिल काढली.

"माफीचं मंग पाहू, ताई. आधी सांगा, माइक कोठी ठेवाचा?"

मी वही त्यांच्याकडे वळवली आणि पहिल्या पानापासून सांगायला लागले.